उसना अंधार आणि घरचे देव : ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ची सतरा वर्षे

कळमनुरीला माझे रेडिओ-टेप दुरुस्तीचे दुकान होते. लग्नाच्या मांडवातून, हरिनाम सप्ताहातून, भीमजयंतीच्या मिरवणुकीतून परतलेले भोंगे आणि स्पीकर माझ्याकडे यायचे. गिऱ्हाइकाची तक्रार बहुतेक एकच असे : आवाज फाटतोय. अ‍ॅम्प्लिफायरला त्याच्या ताकदीबाहेर ताणले, की ध्वनिलहरींचे शेंडे छाटले जातात आणि मूळ सुरात नसलेले खरखरीत उपस्वर त्यात मिसळतात. हा दोष काढून देणे हाच माझा धंदा. त्यामुळे २०१७ च्या दिवाळीत पुण्याहून आलेल्या भाच्याने माझ्या कानांवर हेडफोन चढवला आणि ‘मामा, हे ऐका’ म्हटले, तेव्हा माझ्यातला कारागीर आधी बोलला. ‘अरे, याचं अ‍ॅम्प्लिफायर गेलंय.’ भाचा हसला. म्हणाला, ‘गेलं नाही मामा, मुद्दाम घालवलंय.’

तो अल्बम होता ‘दशावतार’. वाजवणारा बँड मुंबईचा, नाव ‘डेमॉनिक रिझरेक्शन’, म्हणजे राक्षसी पुनरुत्थान. दहा गाणी, दहा अवतार. मत्स्यापासून कल्कीपर्यंतची सगळी मंडळी त्या फाटक्या आवाजात हजर होती. मला पहिल्यांदा राग आला. रात्री मात्र एक जुनी आठवण वर आली. हिंगोलीचा सार्वजनिक दसरा दीडशेहून अधिक वर्षांचा. लहानपणी रामलीला बघायला आम्ही बैलगाडीतून जायचो. रावण बोलायला लागला की भोंगा फाटायचा, आणि तो नीट करावा असे कुणाला वाटत नसे. रामाचा आवाज स्वच्छ हवा, रावणाचा फाटका चालतो, किंबहुना फाटकाच हवा, हे त्या मैदानातल्या प्रत्येकाला न शिकवता ठाऊक होते.

या दोन अनुभवांमध्ये काही नाते आहे का, हे शोधायला मी बसलो. मी विद्यापीठाचा माणूस नाही. मराठवाड्यातल्या लोकवाद्यांवर वीसेक वर्षे टिपणे काढतो आहे, एवढीच माझी पात्रता. इंग्रजी गीते मी शब्दकोश शेजारी ठेवून वाचली. त्या वाचनातून आणि पुष्कळ ऐकण्यातून जे हाती आले, ते येथे मांडतो.

१.

आधी या संगीताची थोडी ओळख. हेवी मेटलचा उगम साधारणपणे इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात मानतात. ‘ब्लॅक सबाथ’ या बँडचा पहिला अल्बम १९७० चा. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला असताना यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबण्याचा हात नेमका तोच. त्याने स्वतःच बोटांना टोपणे बनवली, आणि पुढे दुखू नये म्हणून तारा सैल केल्या. तारा सैल केल्या की स्वर खाली उतरतो आणि आवाज जड होतो. दुरुस्तीच्या धंद्यातल्या माणसाला ही गोष्ट आवडणारच : एका अपघातावर केलेल्या जुगाडातून एका संगीतप्रकाराला त्याचे वजन मिळाले.

१९८० च्या दशकात या संगीताला ‘थ्रॅश’, ‘डेथ’, ‘ब्लॅक’ अशा अधिक तीव्र शाखा फुटल्या. त्यांनाच एकत्रितपणे ‘एक्स्ट्रीम मेटल’ म्हणतात. त्यांची ठळक लक्षणे तीन. फाटक्या, खाली उतरवलेल्या गिटारी हे पहिले. दुसरे, दोन्ही पायांनी आणि दोन्ही हातांनी अशा वेगाने वाजवलेले ड्रम की ठोके वेगळे न राहता त्यांची सलग भिंत होते. आणि तिसरे, गुरगुरणारा कंठ. हा आवाज मुख्य स्वररज्जूंच्या वर असलेल्या मांसल पडद्यांना कंप देऊन काढतात. नवख्याला ते निव्वळ ओरडणे वाटते. पण रोज तासभर तसे गाऊनही गळा शाबूत ठेवायचा, तर शिस्त लागते. आमच्याकडे ज्याच्या अंगात येते त्या माणसाचा बदललेला आवाज ज्यांनी ऐकला आहे, त्यांना या कंठाचा काही अंदाज येईल. फरक एवढाच, की तिथे माणूस आवाजाच्या ताब्यात असतो आणि इथे आवाज माणसाच्या.

मुंबईत रॉक संगीताची परंपरा जुनी. ‘रॉक मशीन’ हा बँड १९८४ चा, तोच पुढे ‘इंडस क्रीड’ झाला. धोबी तलावजवळच्या रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’चे जलसे होत. शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे पुढे ते खुले रंगमंदिर अशा कार्यक्रमांना बंद झाले. अशा काळात, २००० मध्ये, साहिल मखिजा या कॉलेजवयीन मुलाने ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ सुरू केला. स्वतःसाठी त्याने ‘डेमनस्टीलर’ हे टोपणनाव घेतले, आणि त्याच वर्षीच्या पहिल्या अल्बमलाही तेच नाव दिले.

२.

त्यानंतरच्या दशकात या बँडने जे केले त्याला चाहते ‘अंधाराची त्रयी’ म्हणतात. २००५ चा ‘अ डार्कनेस डिसेंड्स’, २००७ चे छोटे ध्वनिमुद्रण ‘बियाँड द डार्कनेस’ आणि २०१० चा ‘द रिटर्न टू डार्कनेस’. अंधार उतरतो, अंधारापलीकडे, अंधाराकडे परत. नावेच सगळे सांगतात.

हा अंधार कुठला? गीते वाचताना मला सतत वाटत राहिले, की हा मुंबईचा अंधार नाही. तो उत्तर युरोपातल्या बर्फाचा, अरण्यांचा, तिकडच्या राक्षसांचा अंधार आहे. लोकलच्या डब्यातला नाही आणि मिलच्या बंद चिमण्यांखालचाही नाही. नॉर्वे आणि इंग्लंडच्या बँडांनी ज्या प्रतिमा घडवल्या, त्या येथे जशाच्या तशा आल्या. संगीताची बांधणीही त्याच घराण्याची : कीबोर्डवरून उभा केलेला वाद्यवृंदाचा भास, त्यावर वेगवान ड्रम, गुरगुरणाऱ्या कंठाला मध्येच छेद देणारा स्वच्छ गळा.

मात्र ‘उसने’ म्हटले की निकाल लागला, असे मी मानत नाही. मराठी रंगभूमीने शेक्सपियर उसना घेतला, पेटी तर परदेशातूनच आली, आणि आज पेटीवाचून आमचे भजन उभे राहत नाही. शिकणारा आधी नक्कलच करतो. प्रश्न पुढचा असतो : नक्कल करताना हात किती तयार झाला? या कसोटीवर २००५ ते २०१० हा प्रवास डोळ्यांत भरण्यासारखा आहे. ‘अ डार्कनेस डिसेंड्स’मध्ये भाग एकमेकांना जोडलेले दिसतात, टाके उघडे आहेत. ‘द रिटर्न टू डार्कनेस’मध्ये तेच घटक एका अंगाने वाढतात. गुरगुरणे आणि स्वच्छ गाणे ही दोन पात्रे झाली आहेत : एक धमकावते, दुसरे शोक करते. रामलीलेतला रावण आणि राम एकाच गळ्यात राहायला आले, असे मी माझ्यापुरते म्हणतो.

त्याच २०१० साली या बँडला ‘मेटल हॅमर’ या ब्रिटिश नियतकालिकाचा ‘ग्लोबल मेटल’ पुरस्कार मिळाला. ऑस्लोच्या ‘इन्फर्नो’ महोत्सवात ते वाजवून आले, म्हणजे ज्यांचा अंधार उसना घेतला होता त्यांच्याच अंगणात. पुढे जर्मनीतल्या वाकेनपर्यंत मजल गेली. आणि हे सगळे कोणत्याही मोठ्या यंत्रणेच्या पाठबळाशिवाय. मखिजांनी ‘डेमनस्टीलर रेकॉर्ड्स’ ही स्वतःची कंपनी काढली, इतर भारतीय बँडांची ध्वनिमुद्रणे प्रसिद्ध केली, कार्यक्रम भरवले, ‘रेप्टिलियन डेथ’ आणि विनोदी गाण्यांचा ‘वर्कशॉप’ असे आणखी बँड चालवले. ‘हेडबँगर्स किचन’ नावाने ते स्वयंपाकाचे कार्यक्रमही करतात. आमच्याकडचा फडमालक तंबूही ठोकतो, तिकिटेही फाडतो आणि रात्री उभा राहून सरदारही होतो, तसाच हा प्रकार.

३.

इथे थोडे पोलंडला जाऊन येणे भाग आहे. मुंबईच्या या वाटचालीला नेमका आरसा तिथे सापडतो.

पोलंडमधला ‘व्हेडर’ हा बँड १९८३ साली ओल्श्तिन या शहरात सुरू झाला. डिसेंबर १९८१ मध्ये लागू झालेला लष्करी कायदा जुलै १९८३ मध्ये उठला, तो हा काळ. बाहेरचे संगीत दुर्मीळ, वाद्ये दुर्मीळ. त्यांचा डंका आधी कॅसेटींवरून वाजला. ‘मॉर्बिड राइख’ ही त्यांची १९९० ची कॅसेट हातोहाती फिरली, आणि १९९२ मध्ये ‘इयरेक’ या इंग्लिश कंपनीने त्यांचा पहिला पूर्ण अल्बम काढला. एका कॅसेटीवरून दुसरी आणि दुसरीवरून तिसरी उतरवत गाणे गावोगाव पोचते, हे मला कुणी समजावून सांगायला नको. प्रल्हाद शिंदे आमच्या तालुक्यात तसेच पोचले.

‘डीकॅपिटेटेड’ हा दुसरा बँड १९९६ चा, क्रोस्नो या पोलंडच्या आग्नेय कोपऱ्यातल्या लहान शहरातला. सुरुवात केली तेव्हा ही पोरे मिसरूड न फुटलेली होती. तिसरा आणि सर्वांत गाजलेला ‘बेहेमोथ’, ग्दान्स्क परिसरातला, १९९१ चा. त्यांचा म्होरक्या अॅडम दार्स्की, टोपणनाव ‘नेर्गल’. ‘बेहेमोथ’ने सुरुवात केली ती ख्रिस्तपूर्व स्लाव देवतांपासून, १९९५ च्या पहिल्या अल्बमच्या नावातच त्यांचा जुना देव स्व्हेन्तेव्हित आहे. मग ते गूढविद्येकडे, जगभरच्या पुराणांकडे वळले, आणि अखेर आपल्या घरातल्या कॅथलिक धर्माशी त्यांनी समोरासमोर वाद घातला. २००७ मध्ये ग्दिन्या येथील कार्यक्रमात नेर्गलने बायबल फाडले. त्यावरून खटला चालला, त्यात तो सुटला. २०१० मध्ये त्याला रक्ताचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. अस्थिमज्जा बदलून तो वाचला आणि २०१४ मध्ये ‘द सेटनिस्ट’ हा अल्बम आला. बायबल फाडण्यात मला कलेचा काही पुरुषार्थ दिसत नाही. पण ‘द सेटनिस्ट’मध्ये वेग जिथे मुद्दाम आवरला आहे, तिथे मरणाच्या दारातून परतलेल्या माणसाचा श्वास ऐकू येतो. त्या बंडामागे खरे काही होते, हे तिथे पटते.

म्हणजे दिशा उलट आहेत. पोलंडचा बँड घरच्या जुन्या देवांपासून निघाला, जग फिरला आणि घरच्याच धर्माशी भांडायला परतला. मुंबईचा बँड जगाच्या अंधारापासून निघाला आणि सतरा वर्षांनी घरच्या देवांपाशी आला. आल्यावर त्याने काय केले, हा आता प्रश्न.

४.

२०१४ चा ‘द डीमन किंग’ हा मधला टप्पा. राक्षस अजून परकाच, पण कथा सलग सांगण्याची हौस वाढलेली. तीच हौस २०१७ मध्ये ‘दशावतार’ला घेऊन आली. बँडचा हा पाचवा पूर्ण अल्बम.

त्याचे यश आधी सांगतो. अवतारकथा आणि मेटल यांचे जुळते, आणि ते फार खोलवर जुळते. दहांपैकी निम्म्या कथा हिंसेच्या आहेत. वराह पृथ्वी दातांवर उचलतो, नरसिंह उंबऱ्यावर पोट फाडतो, परशुराम एकवीसदा पृथ्वी निःक्षत्रिय करतो. आपण या कथा इतक्यांदा गोड चालींत ऐकल्या, की त्यांतले रक्त वाळून गेले. कॅलेंडरवरचा नरसिंहही आता सौम्य दिसतो. ‘दशावतार’ने मला प्रथमच आठवण करून दिली, की खांब फुटताना आवाज झाला असेल, आणि तो आवाज सुरेल नसेल. अर्धा माणूस, अर्धा पशू अशा देवाचा कंठ कसा असेल, या प्रश्नाला गुरगुरणाऱ्या गळ्याइतके नेमके उत्तर मी दुसऱ्या कुठल्या संगीतात ऐकलेले नाही. येथे उसने साधन घरचे काम करते, आणि घरच्या साधनांनी न केलेले काम करते.

वेगाचेही तसेच. आमच्याकडे गोंधळ रंगात आला की संबळ ज्या लयीला पोचते, किंवा जत्रेत हलगी कडाडते, तिथेही ठोके मोजता येत नाहीत, फक्त अंगावर येतात. वेगवान ड्रमची भिंत मला म्हणूनच फार दिवस परकी राहिली नाही.

अपयश मात्र नेमके येथूनच सुरू होते. संबळ त्या वेगाला हळूहळू चढत जाते. आधी गण, मग देवांना आवाहन, आणि मग तो भर. ‘दशावतार’मध्ये भारतीय वळणाचे सूर आणि रंग येतात खरे, पण ते बहुतेक दाराच्या तोरणासारखे. आत गेले की घराची रचना ‘द रिटर्न टू डार्कनेस’चीच आहे. नरसिंहाला जी गर्जना शोभली, तीच थोड्याफार फरकाने कृष्णालाही मिळते. मासा आणि कासव यांच्या गतीत जो जमीनअस्मानाचा फरक आहे, तो ड्रमच्या गतीत पुरेसा उतरत नाही. देव आले, पण देवांनी संगीताला बदलले नाही. माझ्या मते उसना प्रकार आपला झाला की नाही, याची खरी कसोटी हीच. आपली माणसे त्यात जाऊन बसली, एवढ्याने भागत नाही. ती बसल्यावर घराच्या भिंती हलल्या पाहिजेत.

५.

दोन गोष्टी अजून बोलायला हव्यात, आणि दोन्ही माझ्या जिल्ह्यात बसून विशेष जाणवतात.

पहिली भाषेची. गाणी इंग्रजीत आहेत. शीर्षकांची रीतच पाहा : आधी संस्कृत नाव, मग रेघ, मग इंग्रजी अर्थ. मत्स्य म्हणजे मासा, कूर्म म्हणजे कासव, कृष्ण म्हणजे गुराखी. कृष्ण कोण हे ज्याला सांगावे लागते, तो श्रोता हिंगोलीचा नाही, लालबागचाही नाही. तो ऑस्लोचा आहे. यात गुन्हा नाही. ‘व्हेडर’नेही जगासाठी इंग्रजीच धरली. पण पोलंडमध्ये हे संगीत ओल्श्तिन आणि क्रोस्नोतून उगवले, राजधानीची वाट न पाहता. महाराष्ट्रात ते मुंबई-पुण्याच्या हद्दीत घुटमळले. इलेक्ट्रिक गिटार, ड्रमसंच, सरावाला खोली आणि इंग्रजी शाळा या चार गोष्टी एकत्र जिथे होत्या, तिथपर्यंतच ते पोचले. ‘भयानक मौत’ या मुंबईच्याच दुसऱ्या बँडचे नाव तेवढे कुणालाही कळेल असे आहे. नर्सी नामदेव हे आमच्या जिल्ह्यातले गाव. जो नामदेव मराठी अभंग घेऊन पंजाबपर्यंत गेला, त्याच्या मुलखातल्या मुलाने अवतारांची गाणी ऐकायला शब्दकोश उघडावा, याची मला गंमत वाटते आणि थोडे वाईटही वाटते.

दुसरी गोष्ट नवव्या अवताराची. अल्बमने नववा अवतार बुद्ध धरला आहे. पुराणांतल्या प्रचलित यादीप्रमाणे हे बरोबर. पण महाराष्ट्रात ही यादी कधीच निर्विवाद नव्हती. आपल्याकडे जुन्या पंचांगांवर, काही देवळांच्या शिल्पांत नवव्या जागी विठ्ठल उभा आहे. आणि १९५६ मध्ये नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी एक, बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याचे मानणे नाकारते. माझ्या दुकानात भीमजयंतीचे भोंगे येत, तेव्हा ते आणणाऱ्या माणसांच्या घरी ही प्रतिज्ञा भिंतीवर टांगलेली असे. त्यांच्यासाठी हा पुराणाचा तपशील नाही. माणूस म्हणून उभे राहण्याची ती अट आहे.

या गाण्याच्या शीर्षकात बुद्धाला ‘शिक्षक’ म्हटले आहे. हा शब्द मला मोलाचा वाटला, कारण तो देव म्हणत नाही. पण रांगेतली जागा तीच राहिली. ज्या संगीताने पोलंडमध्ये आपल्या धर्मसत्तेला धारेवर धरले, त्याने येथे तयार यादी हातात घेतली आणि वरून खालपर्यंत वाचली. मला इथे पुस्तक फाडणारा नको होता. नवव्या गाण्याआधी क्षणभर थबकणारा हवा होता. तसा थबकला असता, तर ‘दशावतार’ हा नुसता चांगला अल्बम न राहता या मातीतला वाद झाला असता.

६.

मखिजांचा प्रवास तिथे थांबला नाही. ‘डेमनस्टीलर’ या नावाने ते स्वतंत्र अल्बमही करतात. २०२३ चा ‘द प्रोपगँडा मशीन’ हा त्यांतला एक. त्यात ना उत्तरेकडचा राक्षस आहे, ना पुराणातला. खोट्या प्रचाराचे यंत्र, त्यावर चालणारी सत्ता आणि त्याला बळी पडणारी माणसे आहेत. भाषा इंग्रजीच आहे, पण अंधार प्रथमच इथला आहे. रोज मोबाइलवरून घराघरांत उतरणारा. ‘दशावतार’मध्ये जो प्रश्न विचारायचा राहिला, तो विचारण्याची तयारी येथे दिसते. त्यामुळे मला या वाटचालीचा आलेख असा दिसतो : आधी उसना अंधार, मग घरचे देव, आणि आता घरचा अंधार. मधला टप्पा अपुरा होता, पण त्याच्यावाचून तिसरा आला नसता असे मला वाटते. घरची नावे तोंडात आल्यावरच घरच्या दुखण्याला नाव देता येते.

गेल्या दसऱ्याला मी भाच्याला घेऊन हिंगोलीच्या मैदानावर गेलो होतो. ध्वनिव्यवस्था आता चांगली झाली आहे. माझ्यासारख्या दुरुस्तीवाल्याची तिथे गरज नाही. रावणाचे संवाद काचेसारखे स्वच्छ ऐकू आले. बाजूच्या बाईंच्या मांडीवरचे पोर भ्यालेच नाही, निवांत कुल्फी खात बसले. भाचा माझ्या कानाशी वाकून म्हणाला, ‘मामा, याचं अ‍ॅम्प्लिफायर जरा घालवायला पाहिजे.’

मी मान डोलावली.